पगार वेळेवर येतो, तरी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पाय जड होतात: एका तरुण फिजिशियनच्या प्रश्नाला उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता. तेव्हाच लिहायला बसणार होते, पण घाईत चार धीराचे शब्द टाकून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून आज रविवारी राउंड आटोपून निवांत बसलेय.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय ३२, एमडी मेडिसिन होऊन तीन वर्षं झाली, बेळगावात एका खाजगी हॉस्पिटलात फुलटाइम फिजिशियन. पगार बरा आहे, महिन्याला आठ-नऊ नाइट ड्युटी, आईवडील संकेश्वरला, बायको बँकेत, मुलगी लहान. कुणी छळत नाही, वरचे लोक बोलायला चांगले आहेत, तरी गेले सहा-सात महिने सकाळी गाडी पार्क केली की दहा मिनिटं गाडीतच बसून राहावंसं वाटतं, आणि पेशंटने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की राग येतो, आणि त्या रागाचं वाईटही वाटतं. मग पुढे तीन पर्याय लिहिलेत, पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, निपाणीला स्वतःची ओपीडी टाकू, की सरकारी नोकरीत शिरू. आणि अगदी शेवटी एक ओळ, "मी क्षेत्रच चुकीचं निवडलं का?"

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या तीन गावांचा नाहीच. पार्किंगमधल्या त्या दहा मिनिटांत नेमकं काय टोचतं हे तुम्हाला अजून सापडलेलं नाही, आणि ते सापडायच्या आत जागा बदलली तर तेच टोचणं बरोबर घेऊन जाल. हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. मी बेळगावातल्या शहापूरची, एमडी होऊन २४ वर्षं झाली, त्यातली दोन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, अकरा वर्षं दोन खाजगी हॉस्पिटलांत, आणि आता एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिसिन बघते. दोनदा राजीनामा दिलाय. पहिला घाईत दिला आणि वर्षभरात कळलं की दमणूक तीच आहे, फक्त इमारत नवी. दुसरा पूर्ण विचार करून दिला आणि त्याचा मला आजपर्यंत पश्चात्ताप झालेला नाही. दोन्हींत फरक काय होता तेवढंच खरं तर मला सांगायचंय.

आधी एक कबूल करते, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्यात मी इथून काही बोलू शकत नाही. घराचं लोन किती, हॉस्पिटलशी करार किती महिन्यांच्या नोटिसचा, बायकोची बदली होऊ शकते का, आईवडिलांना काय आजार आहेत, मुलीला कोण सांभाळतं. माझ्या पहिल्या राजीनाम्याच्या वेळी माझ्यावर कर्ज नव्हतं आणि सासूबाई घरी होत्या, म्हणून ती चूक मला परवडली. सगळ्यांना परवडेलच असं नाही.

आता दोन काळ सांगते, शेजारी ठेवून बघा.

२०१९ चा ऑगस्ट आठवत असेल. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्याच एकदम फुगल्या, यमगर्णीपाशी हायवेवर पाणी चढलं आणि कोल्हापूरकडची वाहतूक बंद झाली. माझ्यानंतर ड्युटीला येणारे डॉक्टर कागलचे, ते तिकडेच अडकले. मी चार दिवस हॉस्पिटलातच. झोप म्हणजे दोन-दोन तासांचे तुकडे, आणि येणारे पेशंट कसे, तर इन्सुलिन पुरात वाहून गेलेले शुगरचे, डायलिसिस चुकलेले, पाण्यातून चालून पायाला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखाली जंतुसंसर्ग, झालेले, तापाचे तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी डायलिसिसची यादी मशीनच्या क्षमतेबाहेर गेली तेव्हा आम्ही तीन डॉक्टर, डायलिसिसचा टेक्निशियन आणि इनचार्ज सिस्टर कॉरिडॉरमध्येच उभे राहून ठरवलं की कुणाला पूर्ण सेशन, कुणाला कमी वेळाचं, आणि कुणाला आज पोटॅशियम बघून उद्यावर ढकलायचं. सुपरिंटेंडेंट सर म्हणाले, "तुम्ही ठरवा, कागद मी बघतो." त्या चार दिवसांइतकी शरीराने मी कधीच दमले नसेन, पण घरी जाताना मन भरलेलं होतं.

दुसरा काळ त्याच्या आधीचा, दुसऱ्या खाजगी हॉस्पिटलातला. ओपीडी सहा तास, महिन्याला तीनच नाइट, पगार आधीपेक्षा चांगला, स्वतःची एसी केबिन. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं हिचं छान चाललंय. एका रात्री एक पंचवीसेक वर्षांचा शेतमजूर आला, किटकनाशक प्यायलेला, ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं. अ‍ॅट्रोपिनवर चांगला सावरला, दुसऱ्या दिवशी बोलायला लागला, पाणी मागायला लागला. ह्या विषबाधेत एक ते चार दिवसांच्या आत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात आणि तेव्हा व्हेंटिलेटर हाताशी लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी फाइलवर लिहिलं, आयसीयूत ठेवा. घरच्यांकडचे पैसे संपले होते, काउंटरने पुढचं डिपॉझिट मागितलं, मी दोनदा खाली जाऊन बोलले, मॅनेजरना फोन केला, उत्तर आलं की पॉलिसी सगळ्यांना सारखी आहे. सरकारी हॉस्पिटलात न्यायचं ठरलं, साध्या गाडीतून, आणि तो वाटेतच गेला. फाइल माझ्या सहीची, बापाला तोंड द्यायचं मी, आणि ठरवणारा माणूस त्या वॉर्डात एकदाही आला नव्हता.

माझ्या २४ वर्षांचा अनुभव विचाराल तर डॉक्टरला सगळ्यात जास्त काय पोखरतं तर हे. जबाबदारी पूर्ण आपली आणि ठरवायचा अधिकार दुसऱ्याचा. कामाचे तास, पेशंटची गर्दी, रात्रीचे कॉल हे दमवतात, पण नोकरीवरून मन उडतं ते ह्या फटीमुळे.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट मांडली होती, ती मला डॉक्टरांना फार चपखल वाटते. त्याचं म्हणणं, नोकरीत नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या. पगार, वरिष्ठांची वागणूक, नियम, बसायची जागा हे बिघडलं की माणूस नाराज होतो, पण हे सगळं नीट केलं म्हणून समाधान आपोआप येत नाही. समाधान येतं ते प्रत्यक्ष कामातून, काहीतरी नीट पार पाडल्याचं वाटण्यातून, कुणीतरी त्याची दखल घेण्यातून, जबाबदारी मिळण्यातून. ह्या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण तुमच्या प्रश्नाला ती लागू पडते, कारण तुम्ही सगळी नाराजीची यादी तपासलीत, पगार ठीक, माणसं ठीक, छळ नाही, आणि तरी समाधान का नाही म्हणून गोंधळलात. समाधानाची यादी तुम्ही अजून काढलेलीच नाही.

पण त्याआधी एक तपासणी करायलाच हवी, ती म्हणजे तुम्ही नुसते दमलाय, की बर्नआउट आहे, की डिप्रेशन. आपण पेशंटला नीट विचारतो आणि स्वतःच्या बाबतीत अंदाजाने चालतो. बर्नआउट मोजायची जी पद्धत क्रिस्टीना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये दिली त्यात तीन गोष्टी बघतात: मनाने पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटणं, पेशंट हा माणूस न वाटता बेड नंबर वाटायला लागणं, आणि आपण केलेल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटणं. तुमच्या लिहिण्यात दुसरी गोष्ट स्पष्ट दिसते, पहिली थोडी, तिसरीची मला खात्री नाही. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आयसीडी-११ ह्या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउट घेतलं तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्याचा इलाज फक्त तुमच्या आत शोधून चालणार नाही, कामाच्या ठिकाणीही काही बदलावं लागतं. योगा करा, सकारात्मक राहा असं सांगणारे खूप भेटतील. योगा जरूर करा, मीही करते, पण रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, चुकीचा असेल तर तो प्राणायामाने सुधारत नाही.

डिप्रेशनची खूण साधारण अशी की सुट्टीतसुद्धा सुटका होत नाही. मुलगी अंगावर येऊन बसली तरी काही वाटत नाही, चार दिवस गोव्याला गेलात तरी पहाटे तीनला जाग येतेच, जगण्याबद्दल वाईट विचार येतात. असं असेल तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचार तज्ज्ञाला भेटा. ओळखीच्यात लाज वाटत असेल तर धारवाडला जा, कोल्हापूरला जा. टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, २०२२ पासून चालू आहे, आणि तो डॉक्टरांसाठीही आहे. आणि एक कळकळीची विनंती, स्वतःच स्वतःला अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या लिहून घेऊ नका. आपल्या हाताशी सॅम्पल असतात, फार्मसी आपल्याला विचारत नाही, त्यामुळे ही सवय आपल्या लोकांत किती सहज लागते ते मी फार जवळून बघितलंय.

दमणूक वेगळी काढायची सोपी युक्ती म्हणजे सलग दहा दिवसांची रजा. मुकाट मागा, कारण घरगुती सांगा. पहिले चार दिवस फक्त झोप भरून निघण्यात जातील, ते धरू नका. आठव्या-नवव्या दिवशी कामावर जायच्या विचाराने छातीत काय होतं ते बघा. थोडं बरं वाटलं, एखादा पेशंट आठवून "त्याचं काय झालं असेल" असं मनात आलं, तर क्षेत्र चुकीचं निवडलेलं नाही एवढं नक्की समजा.

मग वही. मी दुसरा राजीनामा द्यायच्या आधी ३० दिवस एक दोनशे पानी वही ठेवली होती, रोज ड्युटी संपल्यावर गाडीत बसून तीनच ओळी. आज कोणत्या क्षणी बरं वाटलं. आज पेशंटसाठी काय करायचं होतं आणि झालं नाही. आणि ते कुणामुळे किंवा कशामुळे अडलं. बस्स, ह्यापेक्षा जास्त लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी बंद पडेल. महिन्याने मी ती पानं वाचली तेव्हा मला धक्काच बसला. माझी समजूत होती की मी नाइटमुळे वैतागलेय. नाइटचा उल्लेख फक्त दोन पानांवर होता. निम्म्याहून जास्त पानांवर पैसे, परवानगी, पॅकेजचे दिवस संपले म्हणून डिस्चार्ज, असलं काहीतरी. आणि सात पानांवर जे होतं त्याची मी अपेक्षाच केली नव्हती. त्या सात दिवसांत अडलेलं कारण मी स्वतः होते, माझं कन्नड.

ह्यावर जरा सविस्तर बोलते कारण आपल्या भागाबाहेरच्या कुणाला हे कळणार नाही. मी मराठी शाळेत शिकलेली, माझं कन्नड बाजारापुरतं. खानापूर, चंदगड, आजऱ्याकडचा पेशंट आला की मी मोकळी, त्याची विहीर, त्याची म्हैस, पोरगं गोव्याला कामाला हे सगळं बोलता बोलता हिस्टरी निघते. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडची म्हातारी माणसं आली की मी पाच प्रश्नांत आटपायची. एकदा एक अज्जी आल्या, सारखं "एदी उरितैती" म्हणत होत्या, छातीत जळजळतंय. मी अ‍ॅसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल, लिहून हात धुवायला गेले. बैलहोंगलकडच्या एक सिस्टर होत्या, त्या मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्या उरी म्हणतायत खरं, पण खांदा जड झालाय आणि घाम आला होता असंबी सांगतायत की." ईसीजी काढला तर इन्फिरियर वॉल एमआय, म्हणजे चक्क हार्ट अटॅक. अज्जी वाचल्या. मी त्या रात्री झोपले नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याच सिस्टरांकडे रोज चहाच्या वेळी वीस मिनिटं शिकायला बसले. व्याकरण नाही, फक्त वॉर्डात लागणारी वाक्यं. दुखतं कसं, कधीपासून, श्वास कधी लागतो, घरी कोण असतं. आणि "हेदरब्याड्री, नाव अदीवी", घाबरू नका, आम्ही आहोत. हे वाक्य त्यांच्या भाषेत म्हटलं की नातेवाइकांचे खांदे कसे खाली येतात ते बघा एकदा. आपल्याकडे एका वॉर्डात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू चारही चालतात आणि बाहेर भाषेवरून जे काही होतं ते सगळं आपल्याला माहीत आहे, त्याचे चटके आपल्या घरांनी सोसलेत, पण स्ट्रेचरवरचं माणूस ज्या भाषेत कळवळतं तीच त्या वेळी आपली भाषा. मी मराठी म्हणून कमी झाले नाही. उलट माझी अर्धी चिडचिड गेली. दुसऱ्याच्या भाषेत वाईट बातमी सांगायला किती शक्ती जाते हे मला तोवर कळलंच नव्हतं, मी त्याला कामाचा ताण म्हणत होते. तुम्ही संकेश्वरचे, तुमचं कन्नड कदाचित माझ्यापेक्षा चांगलं असेल, तरी पेशंटने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की राग येतो असं लिहिलंयत ना, तर तो पेशंट कुठल्या भाषेतला असतो एवढं एकदा वहीत टिपा.

पैशाचं बोलणं हा दुसरा मोठा भाग. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही सरकारी उपचार योजना आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण इमर्जन्सी सोडली तर बऱ्याच गोष्टींना सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. चंदगडचा पेशंट महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेचं कार्ड घेऊन येतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला राज्याची हद्द कळत नसते, त्याला एवढंच कळतं की डॉक्टर काहीतरी नाही म्हणतायत. हे समजावणं डॉक्टरवर पडता कामा नये, त्यासाठी योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र किंवा समजूतदार कोऑर्डिनेटर कॅज्युअल्टीच्या दारातच हवा, आणि तो नसेल तर प्रशासनाकडे ही मागणी तुम्ही करायला हवी. पण मी स्वतः पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतेच, साधारण किती दिवस लागतील आणि कुठल्या दिवशी बिघडू शकतं. त्या शेतमजुराच्या बापाला मी पहिल्या रात्रीच नीट बसवून सांगितलं असतं की तिसरा दिवस धोक्याचा आहे, बरा दिसला तरी हलवू नका, हलवायचंच असेल तर व्हेंटिलेटरच्या अँब्युलन्समधून, तर कदाचित त्याने शेजाऱ्यांकडे हात पसरले असते. हा भाग माझ्याकडून राहिला आणि तो मी पॉलिसीवर ढकलत नाही.

भीतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ती असणारच. ऊसतोडीच्या हंगामात अपघाताची केस आली की मागून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. कर्नाटकात डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध २००९ चा कायदा आहे, मूळ तरतूद तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. आणि निष्काळजीपणाचा फौजदारी आरोप झाला तरी डॉक्टरला सरसकट अटक करू नये, आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय. हे माहीत असावं, पण रात्री दोनला कायदा धावून येत नाही. मला उपयोगी पडलं ते असं की दुपारी बारा आणि संध्याकाळी सात ह्या ठरलेल्या वेळी मी स्वतः नातेवाइकांना भेटते, घरातल्या एकाच माणसाला बोलणारा म्हणून ठरवून घेते, वाईट बातमी बसूनच सांगते आणि बरोबर सिस्टर असतेच, आणि काय बोललो ते वेळेसकट फाइलवर लिहिते. ही पद्धत सुरू केल्यापासून माझ्या युनिटमध्ये आरडाओरडा झाला नाही असं नाही, पण अंगावर येण्यापर्यंत गोष्ट गेलेली नाही.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा मिळाली. २०१७ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध राज्यभरचे डॉक्टर इथे बेळगावात, सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना जमले होते. मीही होते. ओपीडी बंद असल्याने पेशंटचे हाल झाले ह्याचं वाईट वाटत होतंच. पण त्या दिवशी रस्त्याकडेला बसून वेगवेगळ्या हॉस्पिटलांतले आम्ही सहा फिजिशियन पहिल्यांदा कायद्याशिवाय दुसरं काहीतरी बोललो, कुणाचा कुठला पेशंट गेला, कुणाला झोप येत नाही. इतकी वर्षं एकाच शहरात असून आम्ही कॉन्फरन्सच्या जेवणात फक्त हाय-हॅलो करत होतो. तेव्हापासून महिन्यातून एकदा टिळकवाडीत एकाच्या घरी जमतो. नियम एकच, केस सांगायची ती आपली बिघडलेली केस. तुमच्या वयाचे चारजण शोधा. ह्याला पैसे लागत नाहीत आणि ह्याच्या इतका गुण मला दुसऱ्या कशाचा आला नाही.

वही झाली की मग प्रशासनाशी बोला, आणि तक्रार घेऊन जाऊ नका, एक किंवा दोन ठोस मागण्या घेऊन जा, लेखी. "फार लोड आहे" म्हटलं की "सगळीकडेच आहे" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी "नाइटनंतर सकाळी नऊला हॅंडओव्हर, त्या दिवशी ओपीडी नाही" हे मागा. नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या, डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली होती, ती शिफारस आहे आणि तुमच्यासाठी नाही, पण समोर ठेवायला एक आकडा होतो, शिकणाऱ्याला एवढे तर शिकवणाऱ्याला किती, असं विचारता येतं. दुसरी मागणी अधिकाराची. मी सध्याच्या हॉस्पिटलात रुजू होताना एकच अट घातली होती की इमर्जन्सीत पहिले सहा तास डिपॉझिटचा विषय माझ्या पेशंटपाशी कुणी काढायचा नाही. मालकांना मी परमानंद कटारा खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा निकाल दाखवला, सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य, आधी उपचार आणि बाकीचं नंतर. पगार मागच्यापेक्षा कमी घेतला. ही अट लेखी मिळाली म्हणून मी इथे अकरा वर्षं टिकलेय.

मागण्या ठेवून तीन महिने थांबा. काहीच हललं नाही आणि वहीत तीच कारणं येत राहिली तर खुशाल सोडा, तो राजीनामा घाईचा नसेल.

राहता राहिले तुमचे तीन पर्याय, पटकन सांगते. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात प्रोटोकॉल पक्के असतात, रात्री कार्डिओलॉजिस्ट एका फोनवर मिळतो, शिकायला भरपूर. पण अधिकाराची फट तिथे कमी असेल असं धरून चालू नका, आणि आईवडिलांपासून पाच तास लांब. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आधी बघा. निपाणीला ओपीडी म्हणजे निर्णय सगळे तुमचे, तुमची वही जर माझ्यासारखी निघाली तर हा पर्याय मोहात पाडेल, पण जम बसायला दोन-तीन वर्षं, फोन चोवीस तास, तंबाखूचे पैसे आले की गर्दी आणि एरवी शांत, आणि गंभीर पेशंट कोल्हापूरला किंवा बेळगावला पाठवताना जीव तेवढाच वरखाली होतो. एकट्याने टाकू नका, एखादा सर्जन किंवा बालरोगतज्ज्ञ बरोबर घ्या. सरकारी नोकरीबद्दल लोक नाक मुरडतात, मी मुरडणार नाही. त्या दोन वर्षांत मण्यार चावलेले किती पेशंट मी बघितले, पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेले, पापण्या मिटत चाललेल्या, दंशाची खूण शोधून सापडत नाही, अँटीस्नेक व्हेनम आणि हाताने दाबून श्वास देणाऱ्या अँबू बॅगवर ओढून काढलेले. आता तर राज्य सरकारच्या हृदयज्योती योजनेत तालुक्याला टेनेक्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोफत देता येतं, आमच्या वेळी हार्ट अटॅकला अ‍ॅस्पिरिन देऊन गाडीत बसवणं एवढंच हातात होतं. बदल्या, कागदपत्रं, स्टाफची टंचाई हे आहेच, आणि कन्नड पक्कं लागतं. पण तालुक्याचा एकटा फिजिशियन असण्यात जी किंमत मिळते ती मला एसी केबिनमध्ये कधी मिळाली नाही.

क्षेत्र चुकलं का ह्याबद्दल माझं मत, तुम्ही स्वतःच लिहिलंय की पेशंटचा राग येतो ह्याचं तुम्हाला वाईट वाटतं. ज्याचं क्षेत्र चुकलेलं असतं त्याला त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं.

वही सुरू केलीत की पंधरा दिवसांनी इथेच लिहा, मी वाचेन. आणि एक राहिलंच, महिन्याला नाइट किती ते सांगितलंत, पण नाइटनंतरच्या सकाळी तुम्ही घरी किती वाजता पोहोचता आणि तेव्हा मुलगी जागी असते का, ते लिहिलं नाहीत. तेवढं आधी कळवा.